लाकडी ठोकळे निवडताना रंगाआधी माप बघा

लाकडी ठोकळे फुटत नाहीत, म्हणून ते टिकाऊ, असा आपला समज असतो. पण वर्षभरात माळ्यावर गेलेला एखादा संच खाली काढून बघा. बहुतेकदा त्यातला एकही तुकडा फुटलेला नसतो. दोन अर्धे ठोकळे शेजारी ठेवले तर एका पूर्ण ठोकळ्याची लांबी भरत नाही, चार खांबांवर ठेवलेली फळी एका कोपऱ्याला डुगडुगते, आणि एक पावसाळा गेला की निम्म्या तुकड्यांना बाक आलेला असतो. मूल तीनदा पूल बांधतं, तीनदा तो पडतो, चौथ्यांदा ते उठून जातं. मग आपण म्हणतो, याला ठोकळ्यांत रस नाही.

पहिल्यांदाच असा संच घेणाऱ्या आईबाबांना आणि आजीआजोबांना म्हणूनच माझं सांगणं असतं की रंग, डबा आणि तुकड्यांचा आकडा नंतर बघा, आधी माप बघा. माप नेमकं असेल आणि लाकूड नीट वाळलेलं असेल, तर दीड वर्षाच्या बाळासाठी घेतलेला संच ते मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत चालतो, आणि पुढे धाकट्या भावंडाकडे जातो.

मापाचा हा विचार जुना आहे. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली, तीच पुढे किंडरगार्टन म्हणून ओळखली गेली. त्याच्या साधनांत दोन इंची एक घन होता, तो आठ एक-इंची घनांत सुटायचा. मुलाने तो उलगडायचा, पुन्हा जुळवायचा. पुढे न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली शाळा काढणाऱ्या कॅरोलाइन प्रॅट यांनी जमिनीवर बसून खेळायचे मोठे ठोकळे रूढ केले. त्यांच्या मूळ ठोकळ्याची जाडी सव्वा-दीड इंचाच्या मधली, नेमकी १⅜ इंच. रुंदी तिच्या दुप्पट आणि लांबी रुंदीच्या दुप्पट. एकास दोनास चार. बाकीचा प्रत्येक तुकडा या एका ठोकळ्याचा अर्धा, दुप्पट किंवा चौपट. त्यामुळे कुठलाही तुकडा कुठेही बसतो, आणि अपूर्णांक हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या हाताला तो कळलेला असतो. आजही जगभरच्या बालशाळांत हेच प्रमाण वापरतात. नवीन संच निवडताना मी सगळ्यात आधी हेच एकास दोनास चार शोधते.

आधी मुलाचं वय, मग संच

साधारण सव्वा वर्षाचं मूल एकावर एक दोन ठोकळे ठेवतं, दीड वर्षाचं तीन, दोन वर्षांचं सहा-सात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास दोन ठोकळ्यांवर तिसरा ठेवून पूल करणं जमतं. बालरोगतज्ज्ञ विकास तपासताना एक-इंची घन देऊन हेच बघतात. याचा अर्थ वर्षाच्या आतल्या बाळाला शंभर तुकड्यांचा संच देण्यात काहीच हशील नाही. त्याला हातात मावणारे, चार सेंटीमीटर बाजूचे आठ-दहा घन पुरतात. ते तो आपटेल, चावेल, आणि तुम्ही रचलेला मनोरा पाडून खदखदून हसेल. या वयात पाडणं हाच खेळ आहे.

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला वीस-पंचवीस तुकडे द्या, बहुतेक पूर्ण आणि अर्धे ठोकळेच. तीननंतर मात्र संख्या वाढवायला हवी. या वयात मूल भिंत घालतं, गोठा करतं, त्यात आपली जनावरं बांधतं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात असेल तर त्याच्यासाठी पहिल्यांदा गोठाच उभा राहतो. अशा बांधकामाला साठ तुकडे तरी लागतात. तुकडे कमी पडले की खेळ थांबतो, आणि मोठी माणसं समजतात की मूल कंटाळलं. थोडे थोडके आकार आणि भरपूर तुकडे ही तीननंतरची गरज आहे. दुकानातले बरेचसे संच नेमके उलटे असतात, पन्नास तुकड्यांत वीस आकार आणि त्यातही घड्याळाची तबकडी नि छापील खिडक्या.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी एक तपासणी चुकवू नका. जाड कागदाची सव्वातीन सेंटीमीटर आतल्या व्यासाची आणि पावणेसहा सेंटीमीटर उंचीची नळी करा. जी वस्तू कुठल्याही बाजूने त्या नळीत पूर्ण मावते ती या मुलाच्या हाती द्यायची नाही, कारण ती घशात अडकू शकते. खेळण्यांच्या प्रयोगशाळांत असंच नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. संचाबरोबर खुंट्या, मणी, चाकांच्या टोप्या असतील तर त्याही नळीत घालून बघा.

आत चुंबक बसवलेले लाकडी ठोकळे हल्ली बरेच दिसतात. लहान मुलांसाठी ते मी सुचवत नाही. ठोकळा फुटून दोन चुंबक सुटले आणि मुलाने गिळले, तर ते आतड्यांच्या दोन वेढ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. चुंबक गिळल्याची शंका जरी आली तरी मूल ठीक दिसतंय म्हणून थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.

लाकूड आहे की लाकडासारखं काही

‘लाकडी’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ स्वस्त खेळणी एमडीएफची असतात, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा डिंकात दाबून केलेला बोर्ड. ओळखणं सोपं आहे. खऱ्या लाकडाच्या वरच्या बाजूची रेघ कडेवरून वळून खालपर्यंत जाते आणि कापलेल्या टोकाला झाडाच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात. एमडीएफची कड सगळीकडून सारखी, पुठ्ठ्यासारखी तपकिरी दिसते. लेझरने कापली असेल तर जळकी काळी. ओलाव्याने हा बोर्ड फुगतो आणि एकदा फुगला की परत बसत नाही. त्यातल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायूही थोडा थोडा सुटत राहतो. चावायच्या वयातल्या मुलासाठी तो नकोच.

खऱ्या लाकडांत निवड करायला आपल्याकडे भरपूर वाव आहे. परदेशी संच बहुधा बीच किंवा मेपलचे, जड, घट्ट आणि गुळगुळीत. आपल्याकडच्या दुकानांत रबराच्या झाडाचं लाकूड बरंच दिसतं. ते चांगलं असतं, फक्त नीट प्रक्रिया केलेली नसेल तर त्याला कीड लवकर लागते. पाइन हलकं आणि स्वस्त, पण मऊ. नखाने दाबलं तर ओरखडा नाही, खड्डा पडतो. वर्षभराच्या आपटाआपटीत त्याचे कोपरे बसतात आणि माप जातं. साग उत्तम, पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, पण महाग. शिवण या झाडाचं लाकूड मला विशेष आवडतं. हलकं, फिकट रंगाचं, आणि पावसाळ्या-उन्हाळ्यात कमी हलतं. हळदूही चांगलं, कातारी लोक कातकामाला ते पूर्वीपासून पसंत करतात. आंब्याचं लाकूड सहज मिळतं, पण बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड धरते, म्हणून आतला गाभ्याचा भाग मागून घ्यावा. शिसव ठोकळ्यांसाठी गरजेपेक्षा जड आहे.

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी यांचं नाव या संदर्भात हमखास निघतं. दोन्हीकडची कारागिरी मोलाची आहे आणि ती घरात असावी असं मला मनापासून वाटतं. पण चन्नपट्टणचं काम मुख्यतः लेथवरचं, म्हणजे लाकूड गरगर फिरवून घडवणाऱ्या यंत्रावरचं. काळ्या कुड्याच्या हलक्या लाकडाला लेथवर फिरवत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी आणतात. लेथवर गोल वस्तू होतात. तेव्हा तिथून मनोऱ्याच्या चकत्या, गोल खांब, घुमट, माणसं घ्या. काटकोनी ठोकळे सुताराच्या करवतीखालूनच चांगले येतात.

दुकानात उभं राहून काय करायचं

डबा उघडून दाखवायला सांगा. उघडत नसतील तर दुसरं दुकान बघा.

एकाच आकाराचे सहा-आठ ठोकळे काउंटरवर शेजारी शेजारी उभे करा आणि वरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागता कामा नये. मग दोन अर्धे एका पूर्णाला लावून बघा, चार अर्धे एका दुप्पट ठोकळ्याला. एक मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण दहा थरांच्या दोन खांबांत तो एक सेंटीमीटरपर्यंत जातो आणि वरची फळी घसरते. नंतर दहा ठोकळे एकावर एक रचा. मनोरा सरळ उभा राहिला की काटकोन बरोबर आहेत.

कडांवरून बोट न फिरवता जुना नायलॉनचा मोजा फिरवा. कुठे कुसळ असेल तर धागा लगेच अडकतो, बोटाला ती कळतेच असं नाही. कडा किंचित मारलेल्या हव्यात, साधारण एक-दीड मिलिमीटर. फार गोल केलेल्या कडा हाताला छान लागतात, पण ठोकळा बसायची जागा कमी होते आणि उंच रचना टिकत नाही. हे बघायला लोक विसरतात.

दोन ठोकळे एकमेकांवर आपटून आवाज ऐका. वाळलेल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, ओल्या लाकडाचा दबका. टोकाला बारीक उभी चीर असेल तर तो तुकडा पुढे फाटणार. मोठी काळी गाठ असलेला तुकडाही नको, गाठ सुटून भोक पडतं. ठोकळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि डब्याच्या तळाला पिठासारखा भुगा दिसला तर तो संच घरात आणूच नका, आतली कीड तुमच्या फर्निचरकडे जाईल.

रंग, पॉलिश आणि शिक्का

पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा पाण्यात भिजवून रंगीत ठोकळ्यावर अर्धा मिनिट घासा. कापडाला रंग आला तर तो मुलाच्या तोंडातही जाणार. ऑइलपेंटचा उग्र वास येत असेल तरी नको. माझी पसंती बिनरंगी लाकडालाच आहे. रंग नसला की आज जी वीट असते ती उद्या इस्त्री होते, परवा लोकलचा डबा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून बालवाडीची साधनं उभी केली, ती याच विश्वासावर की मूल स्वतःहून भर घालतं.

आता शिक्क्याबद्दल. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांचं मानक आयएस ९८७३. त्याच्या पहिल्या भागात धारदार कडा, सुटे तुकडे यांची तपासणी येते, दुसऱ्या भागात पेट घेण्याची आणि तिसऱ्या भागात रंगातून शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक यांसारखी आठ मूलद्रव्यं किती सुटतात याची. डब्यावरच्या चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही हे कळतं. दुकानातच टाकून बघा, मिनिटाचं काम आहे.

केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांचे अधिकृत उत्पादक यांना या आदेशातून सूट आहे. त्यामुळे कारागिराकडच्या खेळण्यावर शिक्का नसला म्हणजे काही काळंबेरं आहे असं समजू नका. फक्त तिथे प्रश्न तुम्ही विचारायचे: लाकूड कुठलं, रंग कुठला, लाखेत काय मिसळलं. चांगला कारागीर याची उत्तरं आनंदाने देतो. अमेरिकेहून किंवा युरोपातून मामा-काकांनी आणलेल्या संचावर आयएसआय नसणारच. अमेरिकेतल्या डब्यावर एएसटीएम एफ ९६३ आणि युरोपातल्यावर ईएन ७१ हे मानक लिहिलेलं आहे का ते बघा.

सुताराकडून करून घ्यायचे असतील तर

हा मार्ग मला सगळ्यात आवडतो. पैसे नेहमी वाचतातच असं नाही, पण लाकूड तुम्ही निवडता, आणि पाच वर्षांनी त्याच मापाचे आणखी वीस तुकडे करून घेता येतात. विकतच्या संचात भर घालायला गेलं तर तोवर ते माप बाजारातून गेलेलं असतं.

शाळेसाठी किंवा मोठ्या घरासाठी १४० × ७० × ३५ मिलिमीटर हे माप धरा, ते प्रॅट यांच्या ठोकळ्याच्या अगदी जवळ जातं. आपल्या फ्लॅटसाठी मी १०० × ५० × २५ सुचवते. चोवीस पूर्ण, बारा अर्धे म्हणजे ५० × ५० × २५, आठ दुप्पट म्हणजे २०० × ५० × २५, आठ खांब म्हणजे १०० × २५ × २५, आणि अर्धा ठोकळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका कापून केलेले आठ त्रिकोण. असे साठ तुकडे. सागाचे केले तर सगळ्यांचं वजन साडेचार किलोच्या आत राहतं. मोठ्या मापाचे केले तर बारा किलोच्या घरात जातं, म्हणजे मूल एकट्याने पेटी ओढू शकणार नाही. छोट्या मापाला तयार लाकूड पाव घनफूट लागतं; रंधा, कापणी आणि टाकाऊ भाग धरून वखारीतून अर्धा घनफूट घ्या. सुताराकडे दुसऱ्या कामातून उरलेले सागाचे तुकडे असतील तर आधी तेच विचारा.

सुताराला तीन गोष्टी स्पष्ट सांगा, शक्य तर कागदावर आकृती काढून द्या.

पहिली, पूर्ण ठोकळा मधोमध कापून अर्धे करायचे नाहीत. करवतीच्या पात्याची जाडी दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते. शंभरच्या ठोकळ्याचे असे दोन तुकडे केले तर प्रत्येक अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासचा होतो आणि कायमचा तोकडा राहतो. अर्धे स्वतंत्र पन्नासला कापायचे, स्टॉपर लावून, म्हणजे सगळे सारखे येतील. त्रिकोणांनाही हेच लागू. फर्निचरच्या कामात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडेतिकडे चालतं, ठोकळ्यांत चालत नाही. हे आधी सांगितलं तर सुतारही वेगळ्या लक्षाने काम करतो. काम हातात आलं की दोन-चार तुकड्यांना गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून बघा.

दुसरी, लाकडाची रेघ लांबीच्या दिशेने हवी. लाकूड ओलाव्याने रुंदीत आणि जाडीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. रेघ लांबीला असली की कोकणातल्या जुलैतही लांबी तीच राहते. पूर्ण संच एकाच जातीच्या आणि एकाच वेळी आणलेल्या लाकडाचा करायचा, म्हणजे जे काही फुगणं-आटणं होईल ते सगळ्यांचं सारखं होईल. अर्धे सागाचे आणि अर्धे आंब्याचे अशी भेसळ नको. आणि शक्यतो काम डिसेंबर ते मे या महिन्यांत करून घ्या. भर पावसात कापलेलं लाकूड उन्हाळ्यात आटून हमखास माप सोडतं.

तिसरी, पॉलिश करायचं नाही. पॉलिश पेपरने घासायचं, आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०, आणि तसंच द्यायचं. मालवाहतुकीच्या पॅलेटचं किंवा खोक्यांचं लाकूड वापरायचं असेल तर त्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते मुलांसाठी घेऊ नका.

शेवटचा हात घरी मारायचा. ठोकळे ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. पुसल्यावर लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते २२० नंबरने पुन्हा हलके घासा. मग खाण्याचं शुद्ध जवसाचं तेल अगदी पातळ लावा, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा आणि वारा लागेल अशा जागी दोन-तीन आठवडे ठेवा. हवेने हे तेल घट्ट होऊन लाकडात मुरतं. रंगाच्या दुकानात मिळणारं ‘बॉइल्ड’ जवस तेल घेऊ नका, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात. आणि हात आपोआप ज्याच्याकडे जातो ते खोबरेलही नको. ते सुकत नाही, धूळ धरतं, काही महिन्यांनी खवट वास मारतं. एक खबरदारी फार महत्त्वाची: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्यांत उष्णता निर्माण होते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, मग उघड्यावर पसरून वाळवा आणि त्यानंतरच टाका.

घरी आल्यावर

ठोकळे पाण्यात बुडवायचे नाहीत. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा, सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवले तर टोकांना चिरा पडतात. लाखेच्या खेळण्यांना सॅनिटायझर अजिबात लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, रंग चिकट होतो आणि निघून येतो.

झाकण बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा वेताची टोपली, उघडी फळी किंवा सुती पिशवी चांगली, कारण पावसाळ्यात बंद डब्यात बुरशी येते. आली तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा, नंतर तेलाचा एक हात द्या. नव्याने भुगा पडताना दिसला तर तो तुकडा ताबडतोब बाजूला काढा, पिशवीत घट्ट बांधा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका, आतलं लाकूड खोलीच्या तापमानाला आल्यावर सोडा, नाहीतर त्यावर पाणी धरेल.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला, मोज्याची तपासणी पुन्हा करा. जिथे धागा अडकेल तिथे २२० नंबरचा पेपर चार-पाच वेळा फिरवला की काम झालं. मोठी चीर पडलेला तुकडा फेव्हिकॉलने जोडत बसू नका. त्याच मापाचा नवा करून आणा, आणि तो करायला द्याल तेव्हा नमुना म्हणून संचातला एक धड पूर्ण ठोकळा सुताराला द्या.